पोटमाळ्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या खेपेला वह्या आणायला दुकानात जाल तेव्हा क्षणभर मान वर करून पाहा. खाली गल्ला, फळ्या आणि गिऱ्हाइकांची गर्दी असते. पण डोक्यावर, दुकानाच्या मागच्या भागात, बहुतेक ठिकाणी आणखी एक जमीन दिसेल. दोन-तीन लोखंडी गर्डर, त्यांवर फळ्या किंवा पत्रा आणि वर जायला एक उभी शिडी. दुकानदार हाक मारतो आणि वरून एखादा मुलगा वह्यांचा गठ्ठा खाली सोडतो. यालाच आपण पोटमाळा म्हणतो.

शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पोटकलम, पोटभाडेकरू, पोटजात या शब्दांत 'पोट' म्हणजे मोठ्याच्या आत सामावलेले धाकटे. तसाच एका मजल्याच्या पोटात बसवलेला दुसरा मजला तो पोटमाळा. इंग्रजीत त्याला मेझनिन म्हणतात. त्या शब्दाचे मूळ इटालियन भाषेत असून त्याचा अर्थ 'मधला' असा आहे. दुकाने, गोदामे, कारखाने, छापखाने, ग्रंथालये अशा ठिकाणी छत उंच असते आणि जमीन अपुरी पडते. मग डोक्यावरची मोकळी हवा कामाला लावावी, हा विचार साहजिक आहे आणि चांगलाही आहे.

समजा, दुकान ३ मीटर रुंद, ६ मीटर खोल आणि साडेचार मीटर उंच आहे. त्याची जमीन १८ चौरस मीटर झाली. मागच्या बाजूला ३ मीटर गुणिले २ मीटर मापाचा पोटमाळा घातला की ६ चौरस मीटर जागा वाढली. ना नवी जमीन घ्यावी लागली, ना नवा पाया खणावा लागला. बाजारपेठेतल्या जागेचे भाव पाहिले, तर दुकानदाराला हा व्यवहार फुकटात पडल्यासारखा वाटला तर नवल नाही.

पण भौतिकशास्त्रात फुकट काही मिळत नाही. जागा वाढली, तसा भारही वाढला. तो भार कोणीतरी उचललाच पाहिजे. आपल्याकडे पोटमाळा ही कपाट किंवा टेबल यांसारखी वस्तू समजली जाते. कारागिराला बोलावले, माप दिले, दोन दिवसांत वेल्डिंग झाले, तिसऱ्या दिवशी माल चढला. माझे स्पष्ट मत असे आहे की पोटमाळा हे सामान नसून बांधकाम आहे, आणि बांधकामाला जे जे प्रश्न विचारायचे ते सर्व त्यालाही विचारले पाहिजेत. हे प्रश्न अवघड नाहीत. आठवी-नववीच्या विज्ञानावर त्यांची बरीचशी उत्तरे मिळतात. म्हणूनच हा विषय तुमच्यापुढे मांडत आहे.

वजन किती?

आपल्या वह्यांच्या दुकानाचाच हिशेब करू. छपाईच्या कागदाचे पाचशे पानांचे एक नेहमीचे रीम हातात घेतले, तर ते सव्वादोन ते अडीच किलोग्रॅम भरते. कागद दिसायला हलका, पण एकावर एक रचला की जड. घट्ट रचलेल्या कागदाचा एक घनमीटर ढीग सुमारे ७५० किलोग्रॅमचा होतो. गठ्ठ्यांमधल्या फटी धरून आपण ७०० किलोग्रॅमच मानू.

आता पोटमाळ्याच्या ६ चौरस मीटरपैकी २ चौरस मीटर चालायला मोकळे सोडले आणि उरलेल्या ४ चौरस मीटरवर दीड मीटर उंच गठ्ठे रचले. मालाचे घनफळ ६ घनमीटर झाले आणि वजन ६ गुणिले ७००, म्हणजे ४,२०० किलोग्रॅम. चार लहान मोटारगाड्यांचे वजन साधारण एवढे भरेल. किंवा असे पाहा. प्रत्येकी ६० किलोग्रॅम वजनाची ७० माणसे! सहा चौरस मीटरमध्ये सत्तर माणसे चढायला निघाली, तर दुकानदार स्वतःच त्यांना हाकलून देईल. वह्या मात्र बोलत नाहीत, गर्दी करत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल कोणाला शंका येत नाही.

हे ओझे ६ चौरस मीटरवर वाटले, तर दर चौरस मीटरला ७०० किलोग्रॅम येतात. भारतीय मानक ८७५ याच्या दुसऱ्या भागात (१९८७) कोणत्या जमिनीसाठी किती भार धरावा हे दिले आहे. राहत्या घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम, किरकोळ विक्रीच्या दुकानासाठी सुमारे ४००, आणि माल साठवण्याच्या खोलीसाठी साठ्याच्या दर मीटर उंचीला सुमारे २४० किलोग्रॅम, पण एकूण कमीत कमी ७५०. म्हणजे 'बसायला-उठायला' आणि 'माल ठेवायला' या दोन उपयोगांत जवळजवळ चौपट फरक आहे. पोटमाळा करून घेताना मालक म्हणतो, "वर एक टेबल आणि एक पंखा." सहा महिन्यांनी टेबल जाते आणि गठ्ठे येतात. गर्डर मात्र टेबलाच्या हिशेबाने घातलेले असतात.

आणखी एक गोष्ट. ओझे अलगद ठेवणे आणि एकदम सोडणे यांत फरक असतो. तुळईला टेकवून धरलेले ओझे हात काढून एकदम सोडले, तर क्षणभर तिच्यावर दुप्पट ताण येतो. ते थोडेसे उंचावरून आदळले, तर दुपटीपेक्षाही जास्त. हमालाने पाठीवरचा गठ्ठा धाडकन टाकला की काय होते, याचे उत्तर यात आहे.

वजन जाते कोठे?

न्यूटनचा तिसरा नियम सर्वांना पाठ असतो. पण त्याचा उपयोग बाजारपेठेत कोणी करत नाही. गठ्ठा फळीला खाली दाबतो, फळी गठ्ठ्याला वर उचलून धरते. फळी गर्डरला दाबते, गर्डर भिंतीला, भिंत पायाला आणि पाया जमिनीला. या साखळीतली प्रत्येक कडी पुरेशी बळकट हवी. गर्डर कितीही जाड घेतला आणि त्याचे टोक ठिसूळ भिंतीत खोचले, तर जाडीचा उपयोग शून्य.

आपल्या पोटमाळ्याला रुंदीच्या दिशेने तीन गर्डर आहेत, एक पुढे, एक मधोमध, एक मागे. मधला गर्डर दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा भाग पेलतो, म्हणून एकूण ओझ्यापैकी निम्मे, म्हणजे २,१०० किलोग्रॅम त्याच्या वाट्याला येतात. त्याच्या प्रत्येक टोकाला १,०५० किलोग्रॅम. हे टोक भिंतीला भोक पाडून आत सारलेले असते. समजा, ते १० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद एवढ्या विटेवर टेकले आहे. क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर. 'दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ' हे सूत्र वापरा. दर चौरस सेंटिमीटरला साडेदहा किलोग्रॅम दाब झाला. साध्या विटांच्या भिंतीसाठी हिशेबात साधारण ५ किलोग्रॅमच्या आसपास दाब धरतात. म्हणजे भिंतीवर आपण दुप्पट अन्याय करत आहोत.

उपाय किती सोपा आहे पाहा. टोकाखाली ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद असा काँक्रीटचा ठोकळा बसवला, तर क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर होते आणि दाब पावणेदोन किलोग्रॅमवर येतो. उंटाचा पाय वाळूत रुतत नाही, याचे जे कारण तुम्ही परीक्षेत लिहिता, तेच हे कारण. एवढ्याशा ठोकळ्याचा खर्च तो काय! पण तो बसवायचा, हे सुचण्यासाठी कोणीतरी हिशेब केलेला असावा लागतो.

भिंतीबद्दल आणखी एक अडचण आहे. बाजारातले गाळे एकमेकांना चिकटून असतात आणि मधली भिंत दोघांची असते. आपण इकडून भोक पाडतो, शेजारी तिकडून. दोघांचे पोटमाळे एकाच उंचीवर आले, तर तीच वीट दोन्हीकडून पोखरली जाते. कोणाचा माल किती, हे दुसऱ्याला ठाऊक नसते. भिंत मात्र दोघांचेही वाहते.

काही ठिकाणी भिंतीऐवजी इमारतीच्या खांबालाच पट्टी ठोकून गर्डर टांगतात. दप्तर दोन्ही खांद्यांवर घेतले तर तुम्ही सरळ चालता. एकाच खांद्यावर घेतले तर शरीर एका बाजूला वाकते. खांबाचेही तसेच आहे. त्याच्या मध्यावर येणारा भार तो मुकाट्याने सोसतो. बाजूला लटकवलेला भार त्याला वाकवू पाहतो, आणि या वाकवण्याचा विचार मूळ आराखड्यात झालेला नसतो.

मात्र पोटमाळा नेहमीच खांबाचा शत्रू असतो असे नाही. एक पातळ पट्टी टेबलावर उभी धरून वरून तळहाताने दाबा. ती मधोमध बाहेर फुगेल. आता मित्राला तिचा मध्यबिंदू दोन बोटांत पकडायला सांगा आणि पुन्हा दाबा. आता बरेच जास्त बल लावावे लागेल. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने दाखवले की सडपातळ खांबाची मोकळी लांबी निम्मी केली, तर तो फुगून वाकण्यापूर्वी चौपट भार सोसतो. विचारपूर्वक जोडलेला मधला मजला उंच, सडपातळ खांबांना असाच आधार देऊ शकतो. गोष्ट एकच, पण ती तारक ठरेल की मारक, हे जोडणीवर अवलंबून असते.

लांबीचा फसवा हिशेब

आता घरच्या घरी करण्यासारखा एक प्रयोग. पुस्तकांचे दोन सारखे ढीग १२ सेंटिमीटर अंतरावर ठेवा. त्यांवर प्लॅस्टिकची फूटपट्टी आडवी टाका. पट्टीच्या मध्यावर एखादे छोटे वजन ठेवून ती किती वाकते ते मोजा. मग ढिगांमधले अंतर २४ सेंटिमीटर करा आणि तेच वजन पुन्हा ठेवा. अंतर दुप्पट झाले, म्हणून बाकही दुप्पट होईल असे वाटते. प्रत्यक्षात तो सुमारे आठपट होतो. आणि ओझे पट्टीच्या सबंध लांबीवर सारखे पसरलेले असेल, म्हणजे लांबीबरोबर ओझेही वाढत असेल, तर अंतर दुप्पट केल्यावर बाक सोळापट होतो आणि पट्टी मोडू पाहणारा जोर चौपट.

याचा दुकानाशी काय संबंध? धंदा वाढला की दुकानदार शेजारचा गाळा घेतो, मधली भिंत पाडतो आणि ३ मीटरचा पोटमाळा ६ मीटरचा करतो. कारागीर म्हणतो, "लांबी दुप्पट, तर गर्डर थोडा जाड घेऊ." थोडा जाड घेऊन भागत नाही, हे तुमची फूटपट्टी सांगते.

तीच फूटपट्टी आता कडेवर उभी करून ढिगांवर टेकवा आणि वजन ठेवून पाहा. ती वाकलेली दिसणारसुद्धा नाही. तुळईचा ताठपणा तिच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३ सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड लाकडी पट्टी आडवीपेक्षा उभी ठेवल्यावर शंभरपट ताठ असते. लोखंड तेवढेच, लाकूड तेवढेच, फक्त ठेवण्याची तऱ्हा वेगळी. पोटमाळा चांगला करायला नेहमी जास्त पैसेच लागतात असे नाही. पुष्कळदा थोडे जास्त डोके लागते.

"दहा वर्षे उभा आहे की!"

हा सर्व हिशेब मांडला की एक ठरलेले उत्तर येते. "अहो, आमचा पोटमाळा दहा वर्षे उभा आहे, काही झाले नाही." हा युक्तिवाद वरवर शास्त्रीय वाटतो, कारण तो अनुभवावर आधारलेला आहे. पण अनुभव कशाचा, हे पाहिले पाहिजे. दहा वर्षे त्याने दोन टन पेलले असतील. दिवाळीच्या आधी किंवा शाळा सुरू होण्याच्या सुमारास चार टन चढतील, त्याबद्दल ती दहा वर्षे काहीच सांगत नाहीत. शिवाय आजचा गर्डर दहा वर्षांपूर्वीचा राहिलेला नाही. पावसाळ्यात ओल झिरपून भिंतीतले टोक गंजते. लाकूड सततच्या ओझ्याखाली हळूहळू वाकत जाते आणि ओझे काढले तरी पूर्ण सरळ होत नाही.

अभियंते आराखडा करताना हिशेबापेक्षा जास्त बळ ठेवतात. त्याला सुरक्षागुणक म्हणतात. ही राखीव शक्ती अकल्पित प्रसंगासाठी असते. सामान्य माणूस मात्र तिला शिल्लक समजून रोज थोडी थोडी खर्च करतो. आणि तिचा हिशेब देणारे पासबुक कोठेच नसते. संपली, हे कळते ते एकदमच.

दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे साम्पुंग नावाचे मोठे डिपार्टमेंट स्टोअर होते. इमारत मुळात वेगळ्या उपयोगासाठी आणि चार मजल्यांची म्हणून आखलेली होती. नंतर तिचे दुकान झाले. सरकते जिने बसवण्यासाठी काही खांब छाटले गेले आणि वर पाचवा मजला चढवला गेला. त्यावर उपाहारगृहे आली, आणि छतावर वातानुकूलनाची जड यंत्रे. १९९५ सालच्या एप्रिल महिन्यात वरच्या मजल्यावर तडे दिसले. तरी दुकान चालूच राहिले. २९ जून १९९५ रोजी संध्याकाळी इमारत अर्ध्या मिनिटाच्या आत कोसळली आणि ५०२ माणसे मेली. त्या दिवशी ना भूकंप झाला होता, ना वादळ. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे पाहिला तर लहान वाटतो. बेरीज कोणी केली नव्हती.

बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राना प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी पडली. दुकाने व कचेऱ्या यांच्यासाठी असलेल्या इमारतीत कपडे शिवण्याचे कारखाने भरले होते, परवानगीशिवाय वर मजले चढवले होते, आणि वीज गेली की सुरू होणारी जड जनित्रे वरच्या मजल्यांवर ठेवली होती. आदल्या दिवशी तडे दिसले. खालची बँक आणि दुकाने बंद झाली. शिवणकाम करणाऱ्यांना मात्र कामावर बोलावण्यात आले. १,१०० हून अधिक कामगार प्राणास मुकले.

ही दोन्ही उदाहरणे मोठ्या इमारतींची आहेत. आपला पोटमाळा लहान. पण चूक त्याच जातीची आहे. एका उपयोगासाठी बांधलेल्या जागेवर दुसऱ्या उपयोगाचे ओझे चढवणे, आणि धोक्याची खूण दिसूनही काम न थांबवणे.

आग आणि धूर

भाराइतकाच, किंबहुना त्याहून मोठा धोका आगीचा आहे. चार्ल्सचा नियम आठवा. दाब तोच राहिला तर वायूचे आकारमान केवल तापमानाच्या प्रमाणात वाढते. खोलीतली हवा सुमारे ३०० केल्विन असते. आगीचा धूर ३०० अंश सेल्सिअसला, म्हणजे ५७३ केल्विनला पोहोचला, तर त्याचे आकारमान जवळजवळ दुप्पट आणि घनता निम्मी होते. हलका झालेला धूर सरळ वर जातो आणि छताखाली साचू लागतो. हा थर वरून खाली उतरत येतो. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला अजून स्वच्छ हवा मिळत असते, तेव्हा पोटमाळ्यावरचा माणूस त्या धुरात बुडालेला असतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस जागा होण्याआधीच बेशुद्ध होऊ शकतो.

जागा झालाच, तर उतरायचे कोठून? शिडी एकच, तीही खाली दुकानात उतरणारी, आणि आग दुकानातच. पुढे लोखंडी शटर. रात्री ते बाहेरून कुलूप लावून बंद केलेले असले, तर विचारच नको.

लोखंडाचे गर्डर जळत नाहीत, म्हणून निर्धास्त राहू नका. सुमारे ५५० अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद निम्म्यावर येते. आगीच्या चाचण्यांसाठी जी प्रमाणित भट्टी वापरतात, तिचे तापमान अर्ध्या तासात ८४० अंशांच्या आसपास नेले जाते. उघडा, पातळ गर्डर अशा उष्णतेत फार वेळ तग धरत नाही. म्हणजे जाळ विझवायला आलेल्या जवानाच्या डोक्यावर मालासकट पोटमाळा येण्याची भीती असते.

९ मे २०१९ रोजी पुण्याजवळ उरुळी देवाची येथे कापडाच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि आत झोपलेले पाच कामगार दगावले. ३० ऑगस्ट २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे विजेच्या सामानाच्या दुकानाला पहाटे आग लागून तेथेच राहणारे एकाच कुटुंबातील चौघे गेले. जेथे माल ठेवायचा तेथेच माणसे निजवायची, या पद्धतीचे हे बळी आहेत. परगावाहून आलेल्या कामगाराला शहरात खोली परवडत नाही. मालकालाही रात्री कोणीतरी राखणीला हवे असते. दोघांचीही सोय होते आणि पोटमाळ्यावर अंथरूण पडते. सोय दोघांची असली, तरी धोका एकाचाच असतो.

नियम काय सांगतो?

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) याचा विचार केलेला आहे. मेझनिन मजल्याची उंची निदान २.२ मीटर असावी, आणि त्याचे एकूण क्षेत्रफळ इमारतीच्या जोत्याच्या क्षेत्रफळाच्या एक-तृतीयांशाहून जास्त नसावे. निव्वळ सामान ठेवायचा माळा असेल, तर त्याची उंची १.५ मीटरहून अधिक नसावी. गावोगावच्या नियमांत कमीअधिक फरक असतो, पण या आकड्यांमागचा अर्थ पाहण्यासारखा आहे. २.२ मीटरमध्ये माणूस ताठ उभा राहून वावरू शकतो. दीड मीटरमध्ये मोठा माणूस उभाच राहू शकत नाही. म्हणजे ही जागा वस्तूंची आहे, माणसांची नव्हे, हे उंचीनेच सांगितले आहे. आपल्याकडे मधलाच प्रकार फार. उंची पावणेदोन मीटर, वर गठ्ठे, गठ्ठ्यांशेजारी शिवणयंत्र किंवा हिशेबनिसाचे टेबल, आणि रात्री चटई.

यावर दुकानदाराची बाजू मी नाकारत नाही. त्याचे दुकान लहान, भाडे मोठे, स्पर्धा जबर. परवानगीसाठी खेटे घालायला त्याला वेळ नाही आणि अभियंत्याची फी त्याला जड वाटते. पोटमाळे सरसकट तोडून टाका, असे म्हणणे सोपे आहे, पण त्याने प्रश्न सुटणार नाही. लहान दुकानदाराचा धंदा मोडेल किंवा पोटमाळा लपूनछपून पुन्हा उभा राहील. म्हणून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली. ज्याप्रमाणे उद्वाहकात 'आठ माणसे, ५४४ किलोग्रॅम' अशी पाटी असते, त्याप्रमाणे प्रत्येक पोटमाळ्याच्या शिडीजवळ 'या माळ्यावर एकूण अमुक किलोग्रॅमपेक्षा जास्त माल ठेवू नये' अशी पाटी असावी. ती लिहायची, तर कोणाला तरी हिशेब करावाच लागेल. पाटीचा खरा फायदा तो आहे. शिवाय वर चढणाऱ्या मुलालाही नाही म्हणण्याचा आधार मिळेल.

दुसरी. पोटमाळ्याचा भार शक्यतो त्याच्या स्वतःच्या खांबांवरून थेट जमिनीवर, रुंद तळपट्टीवरून उतरवावा. भिंती पोखरू नयेत. मोठ्या गोदामांत असे बोल्टांनी जोडलेले, सुटे करता येणारे मजले वापरतातच. खाली दोन-चार खांबांची अडचण होते, हे खरे. पण शेजाऱ्याच्या विटेवर आपले ओझे टाकण्यापेक्षा ती बरी.

तिसरी, आणि यात मी तडजोड मान्य करणार नाही. मालाच्या पोटमाळ्यावर कोणीही झोपू नये. बाकी दोन गोष्टींना पैसे आणि वेळ लागेल. ही आज रात्रीपासून करता येते. कामगाराला झोपायला जागा देणे मालकाला परवडत नसेल, तर त्याची वाट शोधण्याचे काम व्यापारी संघांचे आणि नगरपालिकांचेही आहे. पण तोवर धुराच्या थरात माणूस निजवण्याचा हक्क कोणालाच नाही.

तुमच्याकडून काय होईल?

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरचे दुकान असेल, किंवा काका-मामांचे असेल. सुट्टीत तुम्ही तेथे बसत असाल आणि गठ्ठे काढायला माळ्यावर चढतही असाल. तेव्हा थोडे मोजमाप करून पाहा. माळ्याची लांबी-रुंदी घ्या. एका खोक्याचे वजन करा, खोकी मोजा, गुणाकार करा, आणि दर चौरस मीटरला किती किलोग्रॅम आले ते वहीत लिहा. गर्डरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा घट्ट ताणून धरा आणि मध्यभागी फट किती पडते ते पाहा. ३ मीटरच्या गर्डरला सुमारे १ सेंटिमीटरपेक्षा जास्त बाक असेल, तर जाणकाराला दाखवायला हवे. टोकाजवळच्या भिंतीवर तिरकी चीर आहे काय? ती असल्यास दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घाला. महिन्याभराने चीर खुणेपुढे गेली, तर ती वाढते आहे. आणि डोळे मिटून स्वतःलाच विचारा, दिवे गेले, खाली धूर झाला, तर मी बाहेर कसा पडेन?

ही मोजमापे घेऊन वडिलांशी किंवा काकांशी बोला. वाद घालू नका, आकडे दाखवा. व्यापारी माणसाला आकड्याची भाषा चांगली कळते. "बाबा, आपल्या माळ्यावर चार टन माल आहे" हे वाक्य ऐकून ते एकदा तरी मान वर करून पाहतील. आणि निर्णय देण्याचे काम मात्र स्थापत्य अभियंत्यावर सोपवा. तुमच्या हिशेबाने शंका उपस्थित होते, इमारतीला प्रमाणपत्र मिळत नाही.

पुस्तकातले बल, दाब, घनता, चार्ल्सचा नियम हे परीक्षेच्या गुणांपुरते नाहीत. तुमच्याच बाजारपेठेत, रोजच्या रस्त्यावर, कोणाच्या तरी डोक्यावर ते चोवीस तास काम करत असतात. ते काम नीट चालले आहे की नाही, हे पाहायला एक फूटपट्टी, एक दोरा आणि एक वही पुरते.